दगडात फळ कापल्यासारखं दिसतंय, खरंच फळ असेल का?

इंदूरचीपोर: माझ्या मामेभावाने छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानहून एक काळपट चर्टचा (गारेसारख्या कठीण दगडाचा) तुकडा आणलाय, फुटलेल्या बाजूला गोल चक्ती, आत मोसंबीसारखे कप्पे. आई म्हणते डाग आहे, फेकून दे. डाग असा मोजून कप्पे पाडतो का?

बीजबाबा: फेकू नकोस ग बाई! तो भाग त्यासाठीच प्रसिद्ध आहे. दख्खनच्या लाव्हाच्या थरांमधे तळी होती, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीची, त्यात पडलेल्या फळांमधे सिलिका (वाळू-गारेतलं द्रव्य) शिरली आणि पेशीसुद्धा जशाच्या तशा राहिल्या. वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनींनी 1943 मधे तिथल्याच एका फळाला एनिग्मोकार्पन नाव दिलं, मधे अक्ष, भोवती बहुतेक 8 कप्पे, त्यात बिया. मेंदी-डाळिंबाच्या कुळातलं मानतात.

इंदूरचीपोर: हो?? मग आतलं नीट बघायचं कसं, घासू का?

बीजबाबा: एकच चक्ती बघून काही ठरत नाही, आडवा छेद आणि उभा छेद दोन्ही लागतात, कारण आडव्यात कप्पे मोजता येतात पण बी कुठे चिकटलंय ते उभ्यात कळतं. लॅबमधे कापून, पॉलिश करून हायड्रोफ्लोरिक ॲसिड लावतात, मग ॲसिटेटची (प्लास्टिकसारखी) पातळ फिल्म चिकटवून पेशींचा ठसा उचलतात. ते ॲसिड घरी अजिबात नाही, हाडापर्यंत जातं.

सराफ्यातला_खवय्या: भिया, मी तर गराडू (आपला तळलेला कंद) समजलो होतो 😄 पण खरंच, पाणी लावून भिंगातून बघ, ओला दगड जास्त बोलतो.

इंदूरचीपोर: लावलं. 8 च आहेत!!