ईडीएफ जेटचं किट वाकडं आलंय, जुळवू की सोडून देऊ?

देवगडचा_पायलट:
नमस्कार मंडळी, ७० एमएम ईडीएफचं (नळीत बसवलेला विजेवरचा पंखा) रिमोटवर उडणारं फोमचं मॉडेल जेट ऑनलाइन मागवलं, फोटोत एकदम चकाचक आणि बॉक्स उघडल्यावर डोक्याला हात. बॉडीचे दोन भाग जुळवले तर नाकाकडे बरोबर बसतात पण शेपटीकडे चांगली ३-४ एमएम फट, आणि दाबून बसवलं की सगळी बॉडीच पिळते. फॅनची खाच इतकी घट्ट की हाऊसिंग आत ढकललं की पाती घासतात. मॅन्युअलमध्ये सीजी (विमानाचा तोल साधणारा बिंदू) एका पानावर ७२ एमएम, ड्रॉइंगमध्ये ८५! विक्रेता म्हणतो पॅकिंग फोडलंत, आता रिटर्न नाही. (न फोडता वाकडं कसं कळणार ते त्यालाच ठाऊक.) गणपतीत मुंबईहून चुलतभाऊ येतायत, तोवर उडेल का?

सड्यावरचा:
गणपतीचं आत्ताच काही बोलू नकोस कुणाला 😄 पण फोम ईपीओ (मॉडेल विमानांचा लवचिक फोम) असेल तर वाकडेपणा काढता येतो. तो भाग गरम पाण्यात, उकळत्या नाही, थोडा धर आणि उलट्या बाजूला किंचित जास्त पीळ देऊन थंड होईपर्यंत धरून ठेव. नंतर काहीही न चिकटवता सगळं टेपने बांध, शेपटीच्या मध्यापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत दोरा लाव, दोन्हीकडे सारखा आला पाहिजे. मग सपाट टेबलावर दोन्ही पंखांच्या पुढच्या-मागच्या कडांची उंची मोज, एक पंख जरी वेगळ्या कोनात बसला तर हवेत गेल्यावर ते एका कुशीला लोळत राहणार आणि तू रिमोटवर ट्रिम देत (सरळ ठेवायला बारीक दुरुस्ती करत) बसशील.

मालवणी_फॅन:
आधी फॅनाचा बघ रे. पाती तासू नको हां मेल्या, बॅलन्स गेलो तर त्या स्पीडाक सगळा थरथरतला. फोम तासूचो, पाती नाय! हाऊसिंग खाचेत सैल बसूक व्हया, हातान फिरवून बघ, खंयच लागता कामा नये.

गुहागरकर:
सीजीचे दोन्ही आकडे बाजूला ठेव. पंख मागे वळलेला आहे ना, मग सरासरी कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) काढायची, कॅल्क्युलेटर नेटवर मिळतात, आणि पहिल्या उड्डाणाला तिच्या २५ टक्क्यांवर ठेव. नाक थोडं जड चालेल, शेपूट जड अजिबात नको. अजून एक, आपल्याकडच्या दमट हवेत सीए (सुपरग्लू) लावायला घेतला की जागा सरळ करेपर्यंत धरतो, ओलाव्यानेच तो सेट होतो ना. म्हणून बॉडीला ३० मिनिटांचं इपॉक्सी वापर, आणि सीएची बाटली सिलिका जेल टाकून घट्ट डब्यात ठेव नाहीतर पावसाळ्यात बाटलीतच दगड होतो.

देवगडचा_पायलट:
भारी, धन्यवाद सगळ्यांना. उडवायचं कुठे पण? किनाऱ्यावर चालेल का?

सड्यावरचा:
किनारा नको, फॅन वाळू ओढतो आणि खाऱ्या हवेत बेअरिंगची वाट लागते. किटमधली ती चिमुकली चाकं कातळावर टिकणार नाहीत, काढून टाक, वजनही वाचेल. सड्यावर (कातळाच्या पठारावर) बंजीने (ताणलेल्या रबरी दोरीने) सोड, उतरवताना गवतात पोटावर. चिपी विमानतळाच्या बाजूला जाणार असशील तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन साइटचा नकाशा बघ, रेड झोनमध्ये परवानगीशिवाय उडवता येत नाही.

मालवणी_फॅन:
आणि बंजी सोडताना चुलतभावांका मागे उभा कर, फुडे नको.