स्नूकर-पूलची एकच स्टिक किती वर्षं धरून बसायची?

सरळकाठी
विषय जुनाच, पण दर पावसाळ्यात सांगली-मिरजेच्या पार्लरांमध्ये नव्याने निघतो. महिनाभर पॉट बसेनासे झाले, म्हणजे चेंडू खिशात जाईनासे झाले, की लोक स्टिक विकायला काढतात. माझं मत असं, की निवडायला हवे तर सहा महिने घ्या, पण एकदा घेतलीत की दहा वर्षं हलू नका. बदलायची ती फक्त टिप, म्हणजे टोकाचं चामडं.

याला कारण आहे, नुसती माया नव्हे. व्हाइटला, म्हणजे पांढऱ्या चेंडूला, उजवी साईड दिली (मध्याच्या उजवीकडे मारलं) की तो नेमाच्या रेषेवरून जात नाही, किंचित डावीकडे सरकून निघतो. किती सरकेल हे मुख्यतः शाफ्टच्या (स्टिकच्या पुढच्या दांड्याच्या) टोकाकडच्या पाच-सात इंचांच्या वजनावर ठरतं. फेरूल (टिपेखालची टोपी) पितळी की फायबरचं, पुढचं टोक किती बारीक, लाकूड किती घट्ट, सगळं त्यात आलं. डोळा हे सरकणं नकळत हिशोबात धरायला शिकतो, पण त्याला वर्ष-दोन वर्षं लागतात. नवी स्टिक घेतली की सरळ पॉट पहिल्याच दिवशी बसतात आणि माणूस खूश होतो. आठवड्याने साईडचे लांब पॉट चेंडूला कधी जाड (जास्त भरून), कधी पातळ (कडेला) लागायला लागतात. मग शिव्या हाताला.

पटत नसेल तर मोजा. १२ फुटी टेबल मोकळं करा. व्हाइट ब्राऊनच्या ठिपक्यावर ठेवून ब्लॅकच्या ठिपक्यावरून समोरच्या कुशनवर नेम धरा. स्टिक जमेल तितकी आडवी, पूर्ण उजवी साईड, जोर मध्यमपेक्षा जरा जास्त. व्हाइट कुशनला जिथे लागेल तिथे रेलवर (टेबलाच्या काठावर) चॉकचा तुकडा ठेवायला दुसऱ्याला उभं करा. दहा शॉट जुन्या स्टिकने, दहा नवीने. हळू मारू नका. हळू शॉटमध्ये व्हाइट वळून पुन्हा रेषेकडे येतो आणि माप फसतं.

खंबाटकी
साताऱ्याकडून साफ असहमती. दहा वर्षं तुम्ही थांबाल हो, लाकूड थांबतं का?

शाफ्ट चिकटला की आपल्याकडे पहिला उपाय पॉलिश पेपर. एका वेळी काही जात नाही असं वाटतं, पण ९.५ मिमीचा स्नूकर शाफ्ट फेरूलच्या मागे ९.३ होतो आणि फेरूलची कडा नखाला अडकायला लागते. त्यात टिप. रोज खेळणाऱ्याची दाबलेल्या चामड्याची टिप तीन-चार महिन्यांत जाते. म्हणजे दहा वर्षांत तीस-चाळीस टिपा. दर वेळी पाव मिमी फेरूल घासलं गेलं तर साडेसात ते दहा मिमीचा हिशोब झाला. स्नूकरचं पितळी फेरूल मुळात असतंच तेवढं!

तेव्हा तुम्ही ज्याला ‘तीच स्टिक’ म्हणता, ती पुढच्या सात इंचांत पाचव्या-सहाव्या वर्षीच दुसरी झालेली असते. तुमच्याच सिद्धांताने तुमची सवय मोडली. फक्त तुम्हाला कळलं नाही, कारण ती हळूहळू मोडली.

मार्कर_विश्रामबाग
खंबाटकी साहेब, हिशोब बरोबर हाय, पण पाव मिमी घासतंय कोण? टिप बदलताना फेरूल घासायचंच नसतंय. जुन्या गोंदाचा थर तेवढा काढायचा.

टिप धारदार पात्यानं कडेनं कापायची, उपटायची नाय. उपटली की फायबरच्या फेरूलचा कपचा जातो. पॉलिश पेपर काचेवर सपाट ठेवायचा, स्टिक उभी धरून चार-पाच फेरे. फेरूलवर पोलादी पट्टी आडवी धरून उजेडाकडं बघायचं. मधनं उजेड दिसला तर अजून सपाट नाय. टिपेचा तळ खरवडून घ्यायचा. जेलवाल्या सुपरग्लूचा एकच थेंब. दोन थेंब टाकले की गोंद चामड्यात वर चढतोय, टिप दगड होती अन् पहिल्या स्क्रूलाच (व्हाइट मागं फिरवायच्या शॉटला) व्हाइट सटकतोय. मिनिटभर दाबून धरा, रातभर सोडा. सकाळी टिप लाकडी फळीवर उलटी टेकवून कडा कापा. पात्याची ओढ फेरूलकडनं टिपेकडं, उलटी नाय.

पूलच्या १३ मिमी टिपेची गोलाई एक रुपयाच्या नाण्याच्या कडेला जुळली की बास. स्नूकरची जरा जास्त घुमटी.

अन् स्टिक भिंतीला तिरकी टेकवून चहाला जाणारे दहा वर्षांच्या गप्पा मारत्यात. तिरकी टेकवली की स्वतःच्या वजनानं मधनं बाक धरती. एकतर उभी रॅकात, नायतर आडवी केसमध्ये.

हेंड्रीभक्त
सरळकाठींना +१. स्टीफन हेंड्रीने १९९० ते १९९९ मधली सातही जगज्जेतेपदं एकाच स्टिकवर घेतली, आणि ती होती अवघ्या चाळीस पौंड किमतीची! २००३ मध्ये विमानप्रवासात ती मोडली. त्यानंतर एकही जगज्जेतेपद नाही. अजून काय पुरावा हवा?

खंबाटकी
तारखा अर्ध्याच वाचल्यात, भक्तराज. सातवं जगज्जेतेपद १९९९ चं. म्हणजे स्टिक मोडायच्या आधी, तीच स्टिक हातात असताना, चार वर्षं आठवं आलं नव्हतं. २००२ ची फायनल पीटर एब्डनकडून १८-१७ ने गेली, तीही जुन्याच स्टिकने. उलट स्टिक मोडली त्याच वर्षी ब्रिटिश ओपन जिंकली, फायनलमध्ये समोर ओ’सलिवन. २००६-०७ ला पुन्हा जागतिक क्रमवारीत पहिला. यातून काही सिद्ध होत असेल तर एवढंच, की हेंड्री हेंड्री होता.

तंबोरा_मिरज
मधेच बोलतो, कारण लाकूड थांबत नाही, बाक धरतं असं इथे म्हणतात आणि ते का वाकतं हे कुणी सांगत नाही.

लाकूड ओल धरतं तेव्हा रेषेच्या, म्हणजे त्याच्या धाग्यांच्या, आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. शाफ्टची रेषा टोकापासून शेवटापर्यंत सरळ गेली असेल तर फुगणं चारी बाजूंनी सारखं होतं आणि काठी सरळ राहते. रेषा मध्येच कडेने बाहेर पळाली असेल तर एक बाजू जास्त फुगते. तिथेच बाक. ॲशच्या लाकडात हे डोळ्यांना दिसतं. वरून पाहिलं की एकामागे एक बाण दिसतात, बाजूने पाहिलं की सरळ धागे. बाण मध्यावर असले तर ठीक, फिरत फिरत कडेला गेले तर ती स्टिक घेऊच नका. मेपलची रेषा दबलेली असते, तिथे उजेडात फिरवून पाहावं लागतं.

आपली हवा या बाबतीत वाईट. एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या आसपास कोरडा उन्हाळा आणि जूनपासून चार महिने दमट. वर पार्लरमध्ये एसी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर तूनचं लाकूड आधी मुरवतात, वाळवतात आणि मगच हात लावतात, ते याचसाठी. काही जण वाकलेली स्टिक सतारवाल्याकडे न्यायला सांगतात. नेऊ नका, काम वेगळं आहे. ऊब देऊन, दाबून सरळ केलेला शाफ्ट पुढच्या पावसाळ्यात परत वाकतो, कारण रेषा तीच असते.

जी स्टिक आपल्याकडचे तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे सरळ राहिली, ती पुढे सहसा वाकत नाही. तिला टाकणं मला तरी पटत नाही. गाडीच्या डिकीत आणि पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवत असाल तर मात्र मी काही बोललो नाही असं समजा.

कार्बनवाला
लाकूड, रेषा, ओल. अहो, कार्बन शाफ्ट घ्या की! प्रेडेटरचा रेवो २०१६ ला आला. आता बऱ्याच कंपन्यांचे आहेत. वाकत नाही, फुगत नाही, टोक हलकं म्हणून साईडला व्हाइट कमी सरकतो. साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फडका पुरे. ही चर्चाच संपली.

सरळकाठी
संपली कुठे? ‘कमी सरकतो’ म्हणजे डोळ्याने धरलेला हिशोब आता जास्त ठरणार. वर्षभर सगळे साईडचे शॉट उलट्या बाजूने चुकणार. कार्बन वाईट नाही, पण तो घेतलात की माझाच नियम लागू: दहा वर्षं हलू नका. आणि त्याला पॉलिश पेपर अजिबात नको. थर खरवडला जातो, वर ती भुकटी छातीत जाते. टिप कापताना पातं शाफ्टच्या कडेला लागलं तर ती चीर भरून येत नाही.

खंबाटकींचा एक मुद्दा मान्य, पॉलिश पेपरचा. त्याऐवजी ओलं करून घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर, लगेच कोरडं. ॲश असेल तर वर्षातून दोनदा कच्चं जवसाचं तेल, बोटाने दोन-तीन थेंब, दिवसभराने पुसून. टाल्कम पावडर नको. ती कापडावर पडते आणि टेबलवाला तुम्हाला नावं ठेवतो.

खंबाटकी
आता खऱ्या भांडणाकडे येऊ. तुम्ही स्नूकरचं बोलताय, मी पूलचं. पूलच्या स्टिकला मधे जॉइंट असतो, शाफ्ट काढून दुसरा लावता येतो. बट म्हणजे मागचं वजन आणि पकड. ते वीस वर्षं ठेवा, माझी हरकत नाही. शाफ्ट पाच वर्षांनी बदला, आणि खरेदीच्या दिवशीच त्याच मापाचा दुसरा घेऊन ठेवा. थ्री-क्वार्टर (जोड मागच्या बाजूला असलेल्या) स्नूकर स्टिकमध्ये पुढचं लाकूड बटातच बसवलेलं असतं, तिथे शाफ्ट बदलणं म्हणजे स्टिकच बदलणं. म्हणून स्नूकरवाले भावुक होतात.

कधी बदलायची याचा माझा निकष वर्षांचा नाही, मापाचा. घेतल्या दिवशी व्हर्नियरने (बारीक जाडी मोजायच्या साधनाने) फेरूलच्या मागे, ६ इंचांवर आणि १२ इंचांवर माप घ्या, केसच्या झाकणात लिहून ठेवा. कुठेही ०.२ मिमीपेक्षा जास्त उतरलं की शाफ्ट सरावाला. व्हर्नियर नसेल तर कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये दोन मिनिटांचं काम. फक्त त्यांच्या लेथवर शाफ्ट चढवू देऊ नका. तीन जबड्यांच्या चकने लाकूड दबतं.

वसंतदादा_चौक
प्रश्न: स्टिक वाकली की जॉइंटच खराब, हे ओळखायचं कसं? टेबलवर घरंगळवली की माझी टोकाला उडते.

मार्कर_विश्रामबाग
शाफ्ट अन् बट वेगवेगळे घरंगळवा, मग जोडून. वेगवेगळे गुमान चालले अन् जोडल्यावर उडालं तर जॉइंटच्या तोंडाशी चॉक, मळ नायतर गोंद. दातांच्या ब्रशनं साफ करा, पिन अन् तोंड दोन्ही. तरी उडालं तर पिन तिरकी. शाफ्ट एकटाच उडाला तर बाक. पण टेबल पातळीत नसलं की चांगली स्टिकपण उडती. सुतार फळी बघतो तशी एक डोळा मिटून बटाकडनं बघा, फिरवत फिरवत. अन् शॉटला खट्ट आवाज आला म्हणून लगेच स्टिक मोडली म्हणू नका. आधी टिप सैल हाय का, मग फेरूल, मग जॉइंट, मग बटाखालचं रबर, याच क्रमानं.

उंची_वाढतेय
दहा वर्षांचा नियम १३-१४ वर्षांच्या मुलांना कसा लावणार?

सरळकाठी
नाही लावायचा. उंची थांबेपर्यंत पार्लरचीच स्टिक, पण रोज तीच. मार्करला (पार्लरची टेबलं सांभाळणाऱ्याला) सांगून वेगळी काढून ठेवायची. लांबी ५७-५८ इंच. उंची थांबली की स्वतःची.

खंबाटकी
इथे सहमत. आणि त्या पोरांना सांगा, ज्या स्टिकने खेळता तिने पूलचा ब्रेक, म्हणजे चेंडू फोडायचा पहिला शॉट, मारू नका. स्नूकरच्या ९.५ मिमी टिपेवर ५७ मिमीचा पूलचा चेंडू फोडला की टिप छत्रीसारखी पसरते आणि पितळेच्या मागचं लाकूड चिरतं. ब्रेकला पार्लरची सगळ्यात दळभद्री स्टिक चालते.

मार्कर_विश्रामबाग
ती दळभद्री स्टिक बी आम्हालाच सरळ ठिवावी लागतीया, साहेब. तिचीबी टिप महिन्याला जाती.