आइस्क्रीमच्या काड्यांची बार्शी लाइट रेल्वेची वाघीण (मालडब्याचं मॉडेल)?

नॅरोगेजवाला: ‘आइस्क्रीमच्या काड्या, बाल्सा (हलकं, मऊ लाकूड), मोडक्या एन-गेज (9 मिमी रुळाच्या मॉडेल) डब्याच्या बोगी (चाकांच्या चौकटी), संध्याकाळभरात वाघीण तयार’ ही काडीबहाद्दरची कालची पोस्ट वाचून डोकं तडकलं. काडी साधारण 2 मिमी जाड. 1:87 ला (एचओ प्रमाण, मूळच्या 87 पट लहान) ती 174 मिमीची फळी झाली! बाल्साचे तंतू रंग लागताच उभे राहतात. बासवूड (बारीक तंतूंचं लाकूड) घ्या, भिंतींना 0.8 मिमी, 6 इंची फळ्यांसाठी दर 1.75 मिमीवर ओरखडा. सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप) दोन्ही बाजूंना. एकच बाजू रंगवली की भिंत वळलीच.

काडीबहाद्दर: बासवूड तुमच्या गल्लीत मिळत असेल. बाल्सा एरोमॉडेलिंगच्या दुकानात मिळतो. सीलरचे दोन हात, मधे 400 नंबरचा पॉलिशपेपर, तंतू बसतात. आणि काड्या चासीला आहेत, भिंतींना नाहीत. पोस्ट नीट वाचा.

शीटप्रेमी: चासीलाच तर लाकूड नको! इंजिनिअर कॅलथ्रॉपने 1897 ला बार्शी लाइन सुरू केली तेव्हा मालवाघिणींना दाबीव पोलादाची एकच 25 × 7 फुटी चासी होती. प्लास्टिक शीटवर मागून सुईने दाबलं की रिव्हेट उठतात. काडीवर उठवून दाखवा.

काडीबहाद्दर: बरं, 0.25 मिमी शीट बाहेरून चिकटवतो. आतली काडी बघायला कोण येतंय?

ब्रॉडगेज_1676: आधी गेजचं (रुळांमधल्या अंतराचं) बोला. आपल्या ब्रॉडगेजला एचओत 19.3 मिमी रूळ हवा, सगळे 16.5 वर चालवतात आणि रिव्हेट मोजत बसतात.

नॅरोगेजवाला: ब्रॉडगेज इथे आणला कुणी? बार्शीचे 762 मिमी भागिले 87 म्हणजे 8.76. एनचा 9 मिमी रूळ चालतो, फरक पाव मिमी.

ब्रॉडगेज_1676: माथेरानचे 610 म्हणजे 7 मिमी. तेही 9 वरच पळवता ना? तिथे 2 मिमी कसे खपतात?

नॅरोगेजवाला: माथेरान 9 वर ठेवणाऱ्यांना मी कधी शाबासकी दिली? झेडचा (एनहून लहान मॉडेलचा) 6.5 मिमी रूळ घ्या म्हणावं.

शीटप्रेमी: गेजवर भांडून वाघीण रुळावर राहत नाही. लांबी 87.5 मिमी, एनएमआरएच्या (अमेरिकन रेल्वे-मॉडेल संघटनेच्या) एचओएन3 (एचओतल्या 3 फुटी नॅरोगेज) ठोकताळ्याने वजन 58 ग्रॅमच्या आसपास हवं. लोखंडी नट फरशीवर, बोगींच्या वर चिकटवा. छताखाली लावले तर वळणावर कलंडते. एका बोगीचा स्क्रू असा आवळा की ती नुसती फिरेल, डुलणार नाही, दुसरीचा सैल. दोन्ही आवळले की उंचसखल सांध्यावर एक चाक अधांतरी राहतं.

नॅरोगेजवाला: आणि एनचा कपलर (डबे जोडणारा आकडा) बोगीवरून काढून चासीला लावा. मागून ढकलताना बोगी तिरकी होऊन उतरते.

काडीबहाद्दर: कपलरचं घेतलं. काड्या राहतील.