केमोनंतर आईचा एक डोळा सुजलाय, उद्यापर्यंत थांबू का?

ऐरोलीकर: आईला ब्रेस्ट कॅन्सर, हाडांत पसरलाय. मागच्या आठवड्यात केमो झाली आणि परवा हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन, आज सकाळपासून उजवा डोळा लालभडक, पापणी सुजून अर्धाच उघडतोय, बाजूला बघितलं की दुखतं म्हणते. ताप ९९.५. मेडिकलवाला ड्रॉप देतोय त्यात डेक्सा (स्टिरॉइड) आहे. आज रविवार, उद्या तशीही खारघरला तारीख आहे, चालेल ना?

कळव्याची ताई: घाबरू नका हो, आमच्या ह्यांना इमॅटिनिब ही कॅन्सरची गोळी चालू आहे, रोज सकाळी डोळ्यांखाली फुगतं आणि दुपारपर्यंत उतरतं.

घोडबंदर_सिस्टर: ताई, तुमच्याकडे दोन्ही डोळे आणि दुखत नाही, ह्यांच्याकडे एकच डोळा आणि हलवला की दुखतोय, हे वेगळं प्रकरण आहे. थांबू नका, आत्ताच कॅज्युअल्टीत न्या. केमोनंतर याच सुमाराला पांढऱ्या पेशी तळाला जातात, मग पू धड होत नाही, कधी तापही येत नाही, आत मात्र डोळ्याच्या खोबणीपर्यंत इन्फेक्शन गेलेलं असतं. सीबीसी करा, एएनसी (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) ५०० च्या खाली असेल तर ॲडमिटच करतील. डोळ्यांचा आणि सायनसचा सीटी पण. डबल दिसतंय का, डोळा पुढे आलाय का, नाकात काळी खपली किंवा गाल बधिर वाटतोय का ते बघा, म्युकर (काळी बुरशी) २०२१ ला सगळ्यांनी ऐकलाय. आणि तो डेक्साचा ड्रॉप अजिबात नको, बुरशी असेल तर आगीत तेल.

नेरूळ_फार्मसी: सिस्टर बरोबर बोलतायत. अजून एक, झोलेड्रॉनिकनंतर एक-दोन दिवसांत क्वचित डोळ्याला अशीच सूज येते. त्या सुजेला स्टिरॉइड लागतं, पण इन्फेक्शन नाही हे कळल्यावरच. सलाईनचा कागद सोबत न्या, नाहीतर डोळ्यांच्या डॉक्टरांना कळायचंच नाही. ब्रेस्टचा आजार कधी खोबणीतही जातो, तेही सीटीत बघतील.

ऐरोलीकर: रात्रीच नेलं. एएनसी ११००, सायनस साफ, डोळ्याच्या स्नायूंना सूज, गाठ नाही. आधी अँटिबायोटिक सलाईन लावलं, सगळे रिपोर्ट बघून आज स्टिरॉइड सुरू केलं. झोलेड्रॉनिक बंद, त्याऐवजी डेनोसुमॅब या हाडांच्याच दुसऱ्या इंजेक्शनचं बघू म्हणाले. आईला डायबेटिस आहे, स्टिरॉइडने वाढेल म्हणून शुगर दिवसातून चारदा चेक करायची, घरच्या ग्लुकोमीटरवर भागेल का?