माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करायचाय, पण नेमका कोणाचा? (सत्तरी, गोवा)

म्हादईकाठी:
नमस्कार मंडळी. आमच्या सत्तरीतल्या हायस्कुलाला पुढच्या वर्षी ५० वर्षं होतायत. माजी विद्यार्थ्यांची कमिटी झालीय, मी तिचा सेक्रेटरी, म्हणजे काम सगळं माझ्याकडे आणि बोलायला सगळे. ठरलं असं की इथून शिकून गेलेल्या आणि पुढे लोकांसाठी काहीतरी करून दाखवलेल्या सात जणांचा सत्कार करायचा. इथपर्यंत एकमत. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर नावं मागवली आणि दोन दिवसांत ४१ नावं आली, त्यातली निम्मी ज्याने त्याने आपल्या भावाची नाहीतर मेव्हण्याची दिलेली 😀

जास्त मतं पडलेली नावं काढली तर डॉक्टर तीन, आखातात धंदा करणारे दोन, मुंबईला बँकेत मोठ्या पोस्टवर एक आणि जिल्हा पंचायतीचा मेंबर एक. झाले सात. वाईट कोणी नाही, सगळे कष्टाने वर आलेत. पण आमच्याच बॅचची एक मुलगी आरोग्य केंद्रात नर्स आहे, पावसात ओहोळ भरला की पलीकडच्या वाड्यावर जायला कोणी तयार नसायचं तेव्हा ही साडी गुडघ्यापर्यंत खोचून, लसींचा डबा डोक्यावर घेऊन पाण्यातून जायची, मी स्वतः बघितलंय. तिचं नाव त्या ४१ मध्ये एकदाही नाही. मी ग्रुपवर टाकलं तर एकाने लिहिलं, ती तर त्याचा पगार घेते ना. त्याला सात अंगठे.

तर निवड करायची कशी? राजकारणातल्यांना घ्यायचं का? आणि जे दहावीपर्यंत पोचलेच नाहीत ते माजी विद्यार्थी धरायचे की नाही, यावरून पण कमिटीत दोन गट पडलेत. ज्यांनी असले कार्यक्रम केलेत त्यांनी सांगा.

खडू_फळा:
मी ३१ वर्षं शिकवलं, आता रिटायर. तुमची सुरुवातच चुकली बघा, नावं ग्रुपवर मागवायचीच नसतात, तिथे ज्याचा डेटा पॅक मोठा त्याचं नाव पुढे. शाळेतलं जनरल रजिस्टर काढा. वाळवीने खाल्लं नसेल तर! आम्ही काढलं होतं तेव्हा पहिली दोन पानं हातात पीठ होऊन आली, बाकीची क्लार्कने उन्हात घालून वाचवली. त्यात प्रत्येक पोराचं नाव, बापाचं नाव, आधीची शाळा आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण. तो रकाना वाचत बसलो आणि दुपारचं जेवण राहून गेलं. 'घरची शेती', 'वडील वारले', 'गुरे राखणे', मुलींच्या पुढे तर 'लग्न' हा एकच शब्द, पानामागून पान.

तुमची पहिली बॅच म्हणजे कोण, तर गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या त्यांतून वर आलेली पोरं. कितीतरी घरांत सही करणारं ते पहिलंच माणूस. त्यातलं कोणी आठवीत शाळा सोडून पुढे गावात दुधाची सोसायटी उभी केली असेल आणि इतकी वर्षं पहाटे पाचला कॅन मोजायला उभं राहत असेल, तर ते लीडरशिप नाही तर काय? रजिस्टरात नाव आहे ना, मग तो तुमचा विद्यार्थी. दहावीचा निकाल बोर्डाचा, शाळेचा नव्हे.

डिचोलीकर:
राजकारण्यांबद्दल सांगतो. सरसकट बंदी घालू नका. पर्रीकरांना आयआयटी मुंबईने २००१ साली डिस्टिंग्विश्ड अ‍ॅलम्नस म्हणून गौरवलं तेव्हा ते मुख्यमंत्रीच होते, कोणी नावं ठेवली? पण ती आयआयटी होती बाब, तिला त्यांच्याकडून ना रस्ता हवा होता ना शेड. आपल्या गावच्या शाळेला हॉलचं छप्पर हवं असतं, आणि ज्याच्याकडून छप्पर हवं त्याचाच सत्कार केला की लोकांना कळतं. म्हणून माझं मत, पदावर असेपर्यंत थांबा, उतरल्यावर करा. तेव्हा किती जण मोटरसायकल काढून येतात ते पण दिसेल.

बाकी 'पगार घेते ना' वाल्याला सांगा, पद्म पुरस्काराच्या नियमात सेवेत असलेले सरकारी नोकर बसत नाहीत हे खरं, पण डॉक्टर आणि शास्त्रज्ञ त्यातून वगळलेत. म्हणजे पगारी डॉक्टर चालतो. मग तुमच्या सातातले तीन डॉक्टर काय फुकट तपासतात? तिथे कोणी पगार काढला नाही, नर्स म्हटल्यावर बरा आठवला.

आखातवाला_बार्देस:
सगळ्यांना राग येईल पण लिहितो. आखातातला म्हटला की नुसता पैसेवाला, असं का धरता? मी २२ वर्षं मस्कतला काढली. आमच्या कंपनीत सत्तरीचाच एक फोरमन होता, गावचा कोणी पोरगा एजंटकडून फसून आला, पासपोर्ट अडकला, पगार थांबला, की हा ड्युटी संपवून रात्री एम्बसीचे कागद भरत बसायचा. कोणाची बॉडी घरी पाठवायची असली तरी त्यालाच फोन. हे गावात कोणाला माहीत आहे? गावाला दिसतं ते त्याचं दोन मजली घर. तुमचे ते दोघे काय करतात ते आधी विचारा आणि मग काट मारा.

म्हादईकाठी:
@आखातवाला_बार्देस मान्य, दादा. खरं सांगायचं तर मी पण नुसतं 'धंदा करणारे' एवढंच लिहिलं, त्यापलीकडे मला काही माहीतच नाही. विचारतो.

मानकुराद:
आमच्या तालुक्यात एका शाळेने केला होता असा सोहळा. २३ सत्कार! पाहुणे दोन तास उशिरा, तोवर ऐंशीच्या घरातल्या एक बाई स्टेजवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पश्चिमेचं ऊन थेट तोंडावर. नाव पुकारलं ते चुकीचं, मेमेंटोवर तर तिसरंच. कुणबी शाल घातली, नारळ दिला, फोटोसाठी परत शाल काढून परत घातली कारण फोटोग्राफर चहाला गेलेला. त्यांनी केलं काय हे एका शब्दाने कोणी सांगितलं नाही. घरी जाताना बाईंनी मला विचारलं, कशासाठी बोलावलं होतं रे मला?
सात म्हणजे सातच ठेवा, पाचच ठेवा.

जर्सीतला_गोंयकार:
मी न्यू जर्सीत, मुलगी इथल्या हायस्कुलात. इकडे बऱ्याच शाळांत ही पद्धत आहे, भिंतीवर फोटो आणि खाली चार ओळी. नाव कोणीही सुचवू शकतो पण फॉर्म भरून, आणि त्या माणसाला ओळखणाऱ्या बाहेरच्या दोघा-तिघांची पत्रं जोडायला लागतात. शाळा सोडून निदान दहा वर्षं झालेली हवीत अशी अट मुलीच्या शाळेत आहे. पण मला आवडलं ते वेगळंच. संध्याकाळी कार्यक्रम असला तरी त्या लोकांना सकाळीच शाळेत बोलावतात आणि वर्गात बसवतात, पोरं काय वाटेल ते विचारतात. गेल्या वर्षी अग्निशामक दलातला एक जण आला होता, त्याला एका पोराने विचारलं तुम्ही कधी घाबरून मागे फिरलात का, आणि तो बराच वेळ बोललाच नाही, मग हो म्हणाला. मुलगी घरी येऊन तेवढंच सांगत होती, भाषण कोणाचं झालं ते तिला आठवत पण नाही.
भिंतीवरच्या चार ओळीत पद लिहू नका, काम लिहा. लिहायला बसलात की कोणाचं काम चार ओळींचं आहे आणि कोणाचं नुसतं पदच आहे ते आपोआप समजतं.

खडू_फळा:
वर्गात बसवायचं हे फार आवडलं. आणखी एक, त्या सातांना विचारा तुम्हाला शिकवलेलं कोण आठवतं, आणि ते मास्तर किंवा बाई हयात असतील तर शेजारी बसवा. माशेलकर जन्माने आपल्या माशेलचे पण शाळा त्यांची गिरगावची युनियन हायस्कूल, आणि एवढे पद्मविभूषणपर्यंतचे सन्मान मिळवून आजही भाषणात भावे सर सांगतातच, भिंगाने उन्हाचे किरण एका ठिकाणी आणून कागद जाळून दाखवणारे. (म्हणून 'गावात जन्म' ही अट पण घालू नका, नाहीतर तुमच्या शाळेत न शिकलेले मोठे लोक आयते यादीत घुसतील. हे मी बघितलंय.)

डिचोलीकर:
आणि वयाचा विचार करा. लिबिया लोबो सरदेसाईंनी १९५५ ते १९६१ जंगलातून गोवा मुक्तीचं भूमिगत रेडिओ केंद्र चालवलं, पद्मश्री जाहीर झाली २०२५ ला, तेव्हा वय १००. त्या होत्या म्हणून बरं. पहिल्या बॅचवाले आता साठी ओलांडलेले, त्यांच्यापासून सुरुवात करा, तरुण डॉक्टर थांबतील.
शेतकरी पण शोधा. सावईवेरेच्या संजय पाटलांना नैसर्गिक शेतीसाठी २०२४ ला पद्मश्री मिळाली, तोवर आपण शेती करणाऱ्याला 'घरीच असतो' म्हणत होतो.

म्हादईकाठी:
थँक्यू सगळ्यांना. अपडेट देतो. काल हेडमास्तरांकडून रजिस्टर काढलं, तीन खंड, एकाला वाळवी आहेच. ग्रुपवरचं मतदान रद्द केलं, दोघे ग्रुप सोडून गेले. आता फॉर्म काढतोय, एकच प्रश्न मोठा ठेवलाय, 'या व्यक्तीमुळे कोणाचं काय झालं ते लिहा', आणि खाली ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या. जिल्हा पंचायत मेंबरला स्वतः जाऊन सांगितलं, तो हसला, म्हणाला मग मला स्वागत समितीत घ्या. घेतलं.

आखातातल्या एकाला फोन लावला. तो गेली कितीतरी वर्षं शाळेतल्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे पाठवतो, दर जूनमध्ये, हेडमास्तरांना नाव सांगू नका म्हणून बजावून. आम्हाला वाटायचं सरकारी योजना आहे.

नर्सचा फॉर्म मी भरणार होतो, पण तिच्या शेजारणीने आधीच भरून आणून दिला, मागच्या पानावर पण लिहून. नर्सबाईंना विचारलं, याल का. म्हणाली तारीख सांग, बुधवार असेल तर जमणार नाही, बुधवारी लसीकरण असतं.

तर आता तारीख रविवारची बघतोय. चवथीला सगळे गावात असतात पण पाऊस, डिसेंबरात १९ च्या, म्हणजे मुक्तिदिनाच्या आसपास लोक सुट्टीवर येतात पण हॉल मिळत नाही. तुमच्याकडे कधी ठेवतात?