अंगठा दुखतो, पण फोकस मागच्या बटणावर हवा आहे. आर७ची बटणं कशी लावू?

शिवण_इंदापूर

नमस्कार मंडळी. मी इंदापूरची. अठरा वर्षं ब्लाउज शिवते. माहेर भिगवणला, त्यामुळे उजनीचं पाणी आणि त्यावरचे पक्षी लहानपणापासून बघत आले. दोन वर्षांपूर्वी कॅननचा आर७ कॅमेरा वापरलेला घेतला, सोबत आरएफ १००-४०० एफ/५.६-८ ही लांबचं टिपणारी लेन्स. थंडीत जमेल त्या रविवारी उजनीकाठच्या कुंभारगावला पहाटेची होडी धरते.

होडीत भेटणारे सगळे एकच सांगायचे, फोकस शटरवरून काढा आणि मागच्या एएफ-ऑन, म्हणजे ऑटोफोकस चालवणाऱ्या, बटणावर ठेवा. डिसेंबरात तसं केलं. शटर अर्धं दाबलं की फक्त 'मीटरिंग स्टार्ट', म्हणजे उजेड मोजणं, फोकस अंगठ्याने. कॅमेरा कायम सर्व्होवर, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत फोकस पक्ष्यामागे फिरत राहतो.

पहिल्याच दिवशी मला ते पटलं. पाणकणसात जांभळा बगळा उभा होता, मान तिरकी करून, अजिबात न हलता. डोळ्यावर फोकस बसला आणि मी अंगठा उचलला. वाऱ्याने एक पान पार त्याच्या चोचीपुढे आलं, गेलं, परत आलं. आधी असं झालं की कॅमेरा पानावर उडी मारायचा आणि बगळा धूसर. या वेळी फोकस जिथे ठेवला तिथेच राहिला. बगळ्याच्या गळ्यावरची काळी रेघ इतकी स्वच्छ आली की घरी मोठी करून बघताना मी काम विसरले.

अडचण उडत्या पक्ष्यांची आहे. नदी सुरय, कवड्या धीवर, आणि मासेमार शिकारी पक्षी ऑस्प्रे आला तर ऑस्प्रे. त्यांच्यासाठी अंगठा सलग दाबून धरावा लागतो. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज आहे. डॉक्टर म्हणाले शिरेला सूज आहे, कात्रीच्या कामाने आलेली, अंगठा ताणून दाबणं कमी करा. दोन तास होडीत एएफ-ऑन दाबून बसले की सोमवारी अस्तराचं कापडसुद्धा कापवत नाही. आणि कात्री सोडून चालणार नाही, ते माझं पोट आहे.

उलट शटर अर्धं दाबून धरणं मला काहीच जड जात नाही. शिलाई मशीनच्या पायडलवर पाय किती टेकवला की सुई किती चालते, हे पायाला जसं कळतं, तसं ते बोटाला कळतं. पण फोकस परत शटरवर आणला तर बगळा गेला.

तर अंगठ्यावर ताण न येता दोन्ही साधेल अशी काही मांडणी आहे का? आणि एक बारीक गोष्ट: कधी कधी मी काहीच दाबलेलं नसताना कॅमेरा आपोआप फोकस फिरवत बसतो. बटण बिघडलं असेल का?


माळावरचा_कोल्हा

ताई, बटण बिघडलेलं नाही. एएफच्या मेनूत 'प्रिव्ह्यू एएफ' बघा, ते चालू असणार. ते चालू असलं की कॅमेरा कोणी न सांगता समोरच्या वस्तूवर फोकस लावत राहतो. तुम्ही अंगठा उचलून बगळ्यावर थांबवलेला फोकससुद्धा ते हलवू शकतं. बंद करा. बॅटरीही वाचेल.

आता मुख्य प्रश्न. तुमच्या गरजेला उलटी मांडणी हवी. मी कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आणि खोकडाच्या मागे असतो. तिथे गवताचं पातं तेच करतं जे तुमच्याकडे पाणकणीस करतं, म्हणून मी हे सगळं करून पाहिलं आहे.

कस्टम फंक्शनच्या टॅबमध्ये 'कस्टमाइझ बटन्स' उघडा. शटर अर्धं दाबणं पुन्हा 'मीटरिंग अँड एएफ स्टार्ट' करा. मग एएफ-ऑनवर जा आणि तिथे 'एएफ स्टॉप' निवडा. झालं एवढंच. आता सर्व्होमध्ये फोकस तुमच्या तर्जनीखाली चालतो, आणि अंगठा दाबाल तेवढा वेळच थांबतो. उडत्या सुरयसाठी अंगठा मोकळा. बगळ्याच्या वेळी फोकस बसला की अंगठा टेकवायचा, पान येऊन जाऊ द्यायचं, हवे तितके फोटो घ्यायचे, सोडायचा. दोन तास दाबून धरण्याऐवजी दिवसभरात मिळून काही मिनिटं.

तेही नको असेल तर 'एएफ स्टॉप' पुढच्या बाजूच्या बटणावर द्या. एएफ-एमएफच्या खटक्याच्या मधोमध जे बटण आहे, डेप्थ ऑफ फील्ड (किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट येईल ते) बघायचं, ते. तिथे अंगठा लागतच नाही, बोट पुरतं. सवय व्हायला मात्र वेळ लागतो. सुरुवातीला खटकाच फिरतो आणि कॅमेरा मॅन्युअल फोकसवर जातो, तेव्हा घरी खिडकीत बसून हात बसवून घ्या.

मागे रिकामं राहिलेलं चांदणीचं बटण वाया घालवू नका. त्याच्यावर डोळा शोधणारा 'आय डिटेक्शन एएफ' द्या आणि एएफ एरिया, म्हणजे फोकस लागायची जागा, '१-पॉइंट' ठेवा. शटर अर्धं दाबलं की फोकस तुम्ही ठेवलेल्या बारीक चौकोनातच लागेल, म्हणजे पाणकणसाच्या फटीतून नेमका बगळा धरता येईल. पक्षी मोकळ्या आभाळात आला की चांदणी दाबा, कॅमेरा अख्ख्या चौकटीत डोळा शोधेल. 'सब्जेक्ट टु डिटेक्ट' प्राण्यांवर असू द्या, पक्षी त्यातच येतात.

यात एक गोष्ट हमखास चुकते. 'होल एरिया ट्रॅकिंग सर्व्हो एएफ' बंद केलं नाही तर तो बारीक चौकोन एकदा पक्षी धरून मग चौकटभर भटकायला लागतो, आणि आपल्याला वाटतं १-पॉइंट काम करत नाही. मी या एका ओळीपायी सबंध एक हिवाळा घालवला.

चांदणीवर मुळात एक्स्पोजर लॉक (मोजलेला उजेड धरून ठेवणं) असतो, तो जाईल. पांढऱ्या बगळ्यांसाठी तुम्ही तो वापरत असाल तर लेन्सच्या कंट्रोल रिंगवर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करणं, घ्या. रिंग डाव्या हाताने फिरते.


खाडीकाठचा_पाणकावळा

मी सोनीवाला, ऐरोलीहून खाडीत जातो, पण अंगठ्याच्या दुखण्यातून मीही गेलो आहे म्हणून लिहितो.

आमच्या २००-६०० लेन्सवर नळीलाच तीन 'फोकस होल्ड' बटणं आहेत. मुळातच ती फोकस थांबवतात, म्हणजे वरच्या दादांनी सांगितलेला 'एएफ स्टॉप' डाव्या अंगठ्याखाली तयार मिळतो. डावा हात तसाही लेन्स तोलत असतो. माझा फोकस शटरवर आहे, थांबवणं डाव्या हाताकडे, आणि उजव्या अंगठ्याला मी फक्त कॅमेरा पकडायला ठेवलं आहे. शिवडीचे फ्लेमिंगो असोत की खाडीतले, मला कुठे अडलं नाही.

तुमच्या १००-४०० वर तसं बटण नाही हे मला माहीत आहे. पण पुढे लेन्स बदलायची वेळ आली तर नळीवर बटण आहे का हे वजनाइतकंच बघून घ्या. सध्याची लेन्स ६३५ ग्रॅमची आहे, तेवढी हलकी सहज मिळत नाही, तेव्हा हातासाठी म्हणून घाईने बदलू नका.


जुना_रीळवाला

ताई, मी अंगठ्याने फोकस करण्याच्या बाजूचा माणूस. तरीही तुम्हाला सांगतो, लोकांचं ऐकून हात दुखवू नका.

ही सोय आली कशासाठी, ते लक्षात घ्या. कॅननने ती १९८९ साली ईओएस ६३० मध्ये दिली. तेव्हा फोकसचा बिंदू एकच, चौकटीच्या मध्यात. माणूस कडेला हवा असेल तर मध्यावर फोकस लावायचा, मग कॅमेरा वळवायचा. शटरवरच फोकस असला की दर फोटोला तो परत मध्यावरच्या भिंतीवर जायचा. म्हणून फोकस आणि शटर वेगळे केले. आज तुमचा कॅमेरा चौकटीच्या कोपऱ्यातला डोळासुद्धा धरतो, म्हणजे ते कारण बरंचसं संपलं. उरलं ते तुमचं पाणकणीस. त्यासाठी थांबवण्याचं बटण पुरेसं आहे.

आणखी एक. फोकस फक्त अंगठ्यावर असलेला कॅमेरा घरच्या कोणाच्या हाती दिला की त्यांचे सगळे फोटो धूसर येतात, कारण त्यांना ते बटण माहीत नसतं. माझ्या नातीच्या बारशाचा अर्धा दिवस असा गेला. फोटो काढणारा भाचा अजून हळहळतो. तुमच्या नव्या मांडणीत ती भीती नाही, कॅमेरा कोणीही उचलावा आणि दाबावा.


शिवण_इंदापूर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दोन रविवार करून बघितलं, मग लिहायला बसले.

'प्रिव्ह्यू एएफ' खरंच चालू होतं. वापरलेला कॅमेरा, आधीच्या मालकाने ठेवलं असावं. बंद केल्यापासून ती फिरफिर थांबली.

'एएफ स्टॉप' आधी पुढच्या बटणावर दिला होता. कोल्हादादा म्हणाले तसंच झालं, दोनदा खटका फिरला आणि त्यातल्या एका वेळी कवड्या धीवर समोर पाण्यावर पंख मारत एका जागी थांबलेला होता. तो इतका वेळ थांबतो, आणि मला कळेना की काही लागत का नाही. तो बुडी मारून मासा घेऊन गेला. घरी आल्यावर मी 'एएफ स्टॉप' एएफ-ऑनवरच आणला. अंगठा आता दाबत नाही, टेकवते, आणि तेही बसलेल्या पक्ष्यापुरतं.

मग परवा. होडी दलदलीच्या कडेने सावकाश चाललेली, नावाडीदादांनी वल्हं उचलून धरलं आणि हळूच मानेने दाखवलं. पाणकणसाच्या आत, अगदी पाण्याला टेकून, जांभळा बगळा. या वेळी त्याच्या चोचीत आडवा मासा होता आणि तो गिळायला जमत नव्हता. बारीक चौकोन फटीत ठेवला, शटर अर्धं दाबलं, डोळा धरला, अंगठा टेकवला. पानं पुढून हलत होती. त्याने मासा वर उडवून सरळ केला. मासा गळ्यातून खाली उतरताना मानेवर जो फुगवटा सरकतो तो पाच फोटोंत आला आहे, वरपासून खालपर्यंत. पाचही फोटोंत डोळा स्वच्छ.

चांदणीवरचा डोळा शोधणारा फोकस मोकळ्या आभाळात छान चालतो, पण सुरय पलीकडच्या बाभळींसमोरून गेली की अजून माझ्या हातून सुटते. तिथे सर्व्होच्या तयार मांडण्यांपैकी 'केस २' लावून बघावं का, जो मध्ये आलेल्या अडथळ्याकडे दुर्लक्ष करतो म्हणतात? की चौकोनच थोडा मोठा घ्यावा? कोणी बाभळीच्या रेषेवर उडणारे पक्षी टिपत असेल तर सांगा.

आणि हो, या सोमवारी सहा ब्लाउज कापले.


माळावरचा_कोल्हा

ताई, आधी चौकोन मोठा करा. 'एक्स्पँड एएफ एरिया: अराउंड' (चौकोनाच्या भोवतीची जागाही धरणारा) घ्या आणि पक्षी बाभळीपर्यंत पोहोचायच्या आधी, आभाळात असतानाच धरा. केस २ त्यानंतर लावा. पक्षी आधी नीट धरलेला असेल तरच तो उपयोगी पडतो. बाभळीवर फोकस गेल्यावर लावला तर कॅमेरा बाभळच धरून बसतो.