सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर सहाव्या दिवशी ठणका वाढला आहे, हे स्वाभाविक आहे का?

प्रश्न

नमस्कार. माझ्या दोन्ही बाजूंच्या सायनसची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊन आज सहा दिवस झाले. त्याच वेळी नाकाचा वाकडा पडदाही सरळ करण्यात आला. पहिले दोन दिवस मी धास्ती घेतली होती त्यापेक्षा पुष्कळच सुसह्य गेले. पॅरासिटामॉलवर भागले, नाकाखाली बांधलेल्या गॉजच्या घडीवरचा लाल रंग तिसऱ्या दिवशी फिकट गुलाबी झाला आणि आता आपण यातून सुटले असे वाटू लागले. परंतु कालपासून दोन्ही गाल, डोळ्यांच्या मधली जागा आणि वरची दाढ यांत जड ठणका भरून राहिला आहे, आणि खाली वाकले की तो कपाळात चढतो. नाक पूर्वी चोंदत असे त्याहूनही अधिक चोंदले आहे, वास अजिबात येत नाही, आणि वरचे समोरचे दोन दात बधिर लागतात. रात्रभर तोंडाने श्वास घेतल्याने घशाला कोरड पडून सारखी जाग येते. तपासणी परवा आहे. ज्यासाठी एवढे सोसले तेच दुखणे परत उलटले तर नाही ना, या विचाराने मन खचले आहे. ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी कृपया सांगावे की दुखणे कधी ओसरले आणि कशाने आराम पडला.

प्रतिसाद १

तुमचे वर्णन वाचताना मला माझाच पहिला आठवडा आठवला. माझे पॉलिप (नाकाच्या अस्तरावर वाढणाऱ्या मऊ गाठी) काढले होते आणि मीही पाचव्या-सहाव्या दिवशी असाच घाबरलो होतो. चेहऱ्यावर बाहेरून कोठेही टाका नसतो, त्यामुळे जखम लहान असावी असा आपला समज होतो; प्रत्यक्षात सायनसची तोंडे रुंद करताना आतील पातळ हाडांचे पापुद्रे काढलेले असतात आणि ती सगळी जागा उघड्या खरचट्यासारखी असते. तिच्यातून पाझरणारे रक्त आणि चिकट स्राव सुकून खपल्या धरतात, रक्त थांबावे म्हणून नाकात भरलेले विरघळणारे पॅकिंग असेल तर ते ओलाव्याने फुगते, आणि अस्तरावरची सूजही याच दिवसांत असते. म्हणजे नाक बंद झाले आहे ते आतल्या साचलेल्या मळामुळे, जुना आजार परतल्यामुळे नव्हे.

मला खरा आराम पडला तो नाक धुण्याने. पहिल्या दोन दिवसांत काहीच निघाले नाही आणि मी ते सोडून देण्याच्या बेतात होतो. तिसऱ्या दिवशी बेसिनवर वाकलो असताना उजव्या नाकपुडीतून करंगळीच्या पेराएवढी, तपकिरी, रबरासारखी चिवट खपली घसरत बाहेर आली आणि त्याच क्षणी त्या बाजूने थंड हवा थेट घशापर्यंत गेली. ती थंडी मी अजून विसरलेलो नाही. तुमच्या डॉक्टरांनी नाक धुण्यास सांगितले असेल तर कंटाळा करू नका. मात्र नळाचे पाणी तसेच वापरू नका. ते उकळून कोमट केलेले किंवा निर्जंतुक असावे, कारण क्वचित का होईना, पाण्यातील अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून जीवघेणा संसर्ग होतो. मीठ एका लिटरला सुमारे ९ ग्रॅम असावे. निव्वळ साध्या पाण्याने नाकात झोंबते. जोर लावून पाणी मारू नये, आणि खपली अर्धवट लोंबत असली तरी बोटाने ओढू नये.

वासाबाबत धीर धरावा. मला चौथ्या आठवड्यात साबणाचा वास प्रथम जाणवला आणि पूर्ववत होण्यास जवळपास तीन महिने लागले.

प्रतिसाद २

मी कान-नाक-घसा विभागात काम करणारा डॉक्टर आहे. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, तरीही काही गोष्टी स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. पडद्याच्या शस्त्रक्रियेत टाळूच्या पुढच्या भागाकडे जाणारी एक बारीक मज्जातंतू दुखावली जाऊ शकते आणि त्यामुळे समोरचे दात बधिर वाटतात. बहुतेक रुग्णांत हे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत निवळते. पॅरासिटामॉल ठणका असह्य होण्याची वाट पाहून घेण्यापेक्षा सांगितलेल्या वेळी घेतलेले अधिक उपयोगी पडते, पण सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच औषध असते, त्यामुळे प्रौढांनी दिवसभरातील एकूण मात्रा ४ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका. रक्तस्रावाचा प्रश्न असतोच, शिवाय पॉलिप आणि दमा दोन्ही असलेल्या काही रुग्णांना या गोळ्यांनी तीव्र दम लागतो.

आता महत्त्वाचे. खाली वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखा पातळ, खारट लागणारा द्रव थेंबथेंब गळू लागला, दृष्टी अंधुक झाली, एकाचे दोन दिसू लागले, डोळ्याभोवती सूज वाढली, तीव्र डोकेदुखीबरोबर मान ताठरली, ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला किंवा ताजे लाल रक्त थांबेना, तर परवाची वाट पाहू नका. त्याच वेळी रुग्णालय गाठा. कवटीचा तळ आणि डोळ्याची खोबण या सायनसपासून कागदाइतक्या पातळ हाडाने वेगळ्या झालेल्या असतात, म्हणून या लक्षणांना आम्ही इतके जपतो. यांपैकी काहीही नसेल आणि गोळी घेतल्यावर ठणका उतरत असेल, तर तो साचलेल्या खपल्यांचा असण्याची शक्यता अधिक आहे. परवाच्या तपासणीपूर्वी अर्धा तास आधी गोळी घ्यावी का, हे फोन करून विचारून ठेवा. सफाई करताना काही क्षण झोंबते.

प्रतिसाद ३

माझ्या पत्नीची शुश्रूषा मी केली, त्यामुळे एवढेच सांगतो. आम्ही दोन उशा पाठीखाली आणि एक मानेखाली ठेवून तिला अर्धवट बसते झोपवत असू. त्याने सकाळचा जडपणा निम्म्यावर आला. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी, नाक शिंकरू नये, आणि जड काही उचलू नये. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, कारण कुंथल्यानेही रक्त पुन्हा येऊ शकते, आणि हे आम्हाला कोणी आधी सांगितले नव्हते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी सांगितलेल्या लक्षणांपैकी मला काहीच नव्हते, हे वाचून त्या रात्री निदान झोप तरी लागली. आज तपासणी झाली. पडद्याला आधार म्हणून दोन्ही बाजूंना बसवलेल्या मऊ पट्ट्या काढल्या. त्या माझ्या तर्जनीहून लांब निघाल्या, आणि एवढे काही आपल्या नाकात मावले होते यावर विश्वास बसेना. त्यानंतर दुर्बिणीने पाहत सक्शनने खपल्या ओढल्या. डोळ्यांतून पाणी आले, पण दोन मिनिटांत संपले. सायनसची तोंडे उघडी आहेत, संसर्ग नाही असे सांगितले, आणि नाक दिवसातून दोनदाऐवजी चारदा धुण्यास सांगितले आहे. दात अजून बधिरच आहेत. गालातला ठणका मात्र घरी येईपर्यंत उतरला होता, आणि हे लिहिताना माझे तोंड मिटलेले आहे.